चूल, मूल आणि १९४५

चारोटी नाक्यावरून जव्हारच्या रस्त्याला लागलं की कासा येतं. या मुलखात कुठंही उभं राहा, एक चित्र अजून दिसतं. आठ-नऊ वर्षांची पोर आणि तिच्या कडेवर धाकटा भाऊ. आईबाप कामाला गेलेत. शाळेत का गेली नाहीस म्हणून विचारलं तर ती उलटा सवाल टाकते : मग याला कोण सांभाळील?

दोस्तहो, हा सवाल साधा नाही. या सवालाभोवती या भागात मोठा इतिहास घडला. आपल्याला मोर्चे माहीत, ठराव माहीत, भाषणं तोंडपाठ. पण घरात कोण राबलं, पोर कुणी वाढवलं, आजाऱ्याच्या उशाशी कोण जागलं, हे आपण इतिहासात धरतच नाही. 'बायकांची कामं' म्हणून सोडून देतो. म्हणून डहाणू-तलासरीतल्या १९४५ सालच्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली झरीची. त्या काळी वारल्याला लग्न करायचं म्हंजे सावकाराकडून कर्ज काढावं लागे. कर्ज फिटेपर्यंत नवरा सावकाराच्या शेतावर वेठीला आणि बायको त्याच्याच घरी झाडलोट, शेणगोठा, दळणकांडण करायला. कर्ज काही फिटत नसे. जन्म सरून जाई. याला म्हणत लग्नगडी. बाईच्या अब्रूवरसुद्धा सावकार हक्क सांगे. दुसऱ्याचं अंगण झाडायचं, दुसऱ्याची पोरं खेळवायची, आणि आपलं पोर झोपडीत एकटं रडतंय. संसार करायचा म्हणून गुलाम व्हायचं, आणि गुलाम झाल्यावर संसारच उरत नाही, असा तो कारभार होता.

मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी किसान सभेची परिषद भरली. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यात पुढं होते. वेठ बंद, लग्नगडी बंद, असं ठरलं. नुसतं ठरून थांबलं नाही. वारली लाल बावटा घेऊन गावोगाव गेले आणि लग्नगड्यांना सावकाराच्या वाड्यातून बाहेर काढलं. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मेले. गोदावरीबाईंनी पुढं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलं.

या लढ्याला आपण मजुरीचा लढा म्हणतो. खरंच आहे. पण सुटून आलेल्या जोडप्यानं पहिल्यांदा काय केलं असेल? स्वतःच्या चुलीत जाळ केला असेल. स्वतःच्या पोराला पोटाशी घेतलं असेल. ज्यांना हे कधी नाकारलं गेलं नाही, त्यांना त्यात काय विशेष, असं वाटेल. ज्यांच्या हातून हिसकावून घेतलं होतं, त्यांना विचारा.

दुसरी गोष्ट बोर्डीची. त्याच सालची, त्याच समुद्रकडेच्या तालुक्यातली. ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. तेराव्या वर्षी लग्न झालेली आणि सहा महिन्यांत विधवा झालेली ही बाई. गावात बालवाडी सुरू झाली, पण आपल्या वस्तीतली पोरं तिथं येईनात. का येईनात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तेव्हा शिक्षिकाच वस्तीत गेल्या आणि तिथल्या अंगणात बालवाडी भरवली. त्या वस्तीला 'हरिजनवाडा' म्हणत. तो शब्द आपण नाकारला आहे आणि योग्यच केलं. पण आज देशभर जिला अंगणवाडी म्हणतात, तिचं मूळ अशा आपल्या अंगणात आहे, हे विसरू नका.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारल्यांच्या पोरांत. तिथं तो कडेवरच्या भावाचा सवाल पुढं आला. बाईंनी पोरीला दोष दिला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकट्याला पाळण्यात ठेवायचं आणि ताईनं शेजारी शिकायचं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणावर नेली. आंघोळ, नखं, केस हासुद्धा अभ्यास धरला. खेळणी म्हंजे बिया, पानं, शंखशिंपले.

आता कुणी म्हणेल, चूल आणि मूल हीच तर मनूनं बाईला घातलेली बेडी. तुम्ही तिचेच पोवाडे गाता? नाही. बेडी कामाची नाही. ते काम एकटीच्या गळ्यात बांधून वर त्याला हलकं म्हणायचं, ही बेडी. बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या बिलावर ते बोलायला उभे राहिले. बाईला त्या दिवसांत विश्रांती मिळाली पाहिजे, ते देशाच्या हिताचं आहे, आणि त्याचा भार सरकारनं उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. म्हंजे पोर वाढवणं हा घराच्या कोपऱ्यातला मामला नाही, तो राज्याच्या हिशेबात धरला पाहिजे. आणि आपल्या घरातला भार कुणी उचलला, हेही ते विसरले नाहीत. पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ त्यांनी रमाईच्या स्मृतीला अर्पण केला.

सरकारनं अंगणवाडी योजना १९७५ साली उचलली. पण सेविकेला मात्र पगार नाही, 'मानधन'. काम नोकरीचं आणि नाव सेवेचं. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, एवढं सुप्रीम कोर्टाकडून ऐकायला २०२२ साल उजाडलं. दुसऱ्याची पोरं सांभाळणाऱ्या बाईचे हात या देशाला अजून स्वस्तच वाटतात.

आणि सरकारला शिव्या देऊन आपण सुटत नाही. रात्री उशिरा बैठक संपवून आपण घरी जातो. ताट झाकलेलं असतं. पाणी भरलेलं असतं. म्हाताऱ्या बापाला औषध दिलेलं असतं. हे कुणी केलं? तिचं नाव आपल्या अहवालात कुठं आहे?

झरीच्या माणसांनी घर परत मिळवण्यासाठी गोळ्या झेलल्या. त्या घरातलं काम मग हलकं कसं? पुढच्या बैठकीआधी एक करा. पोराला आंघोळ घाला, भांडी घासा, मग या. उशीर झाला तरी चालेल. तेही चळवळीचंच काम आहे.

जयभीम.