कालव्याचं पाणी टेलला का पोचत नाही? कुठल्या जागी कोणतं अस्तर चालतं, जाणून घ्या

आवर्तन सुटलं की हेडच्या शेतकऱ्याचं भागतं, टेलचा मात्र वाटच बघत बसतो. वाटेतला उपसा हे एक कारण आहेच. पण बरंच पाणी कालव्याच्या तळातून आणि बाजूंतून जमिनीत मुरतं.

किती पाणी मुरतं?
भूजल मोजणीसाठी १९९७ मध्ये ठरलेल्या केंद्रीय निकषांनुसार, साध्या मातीच्या कच्च्या कालव्यात पाण्याखालच्या दर चौरस मीटरमधून दिवसाला साधारण १५५ ते २१६ लिटर पाणी झिरपतं. तळ आणि दोन्ही बाजू मिळून ३ मीटर भाग ओला राहणारी १ किलोमीटरची चारी धरली, तर रोज साडेचार ते साडेसहा लाख लिटर पाणी जातं. अस्तर असेल तर हाच झिरपा पाचव्या हिश्शावर येतो.

कोणतं साहित्य कुठे?
• सिमेंट काँक्रीट : टिकाऊ. पण काळी माती फुगते-आकसते, त्यामुळे थेट टाकलं तर तडे जातात. खाली न फुगणाऱ्या मातीचा थर दाबून घ्यावा लागतो.
• प्लास्टिक कागद (जिओमेम्ब्रेन) : पाणी चांगलं अडवतो. मात्र ऊन आणि जनावरांच्या खुरांनी खराब होतो, म्हणून वर काँक्रीट किंवा मातीचं आवरण हवं.
• काँक्रीटचं कापड : सिमेंट भरलेलं कापड अंथरून पाणी मारलं की कडक होतं. यंत्र पोचत नाही तिथे सोयीचं, पण महाग.
• बंद पाइप : पोटचारीसाठी चांगला. बाष्पीभवनही थांबतं.

विहिरींचं काय?
मुरलेलं सगळं पाणी वाया जात नाही, कालव्याकाठच्या विहिरी त्यावरच भरतात. नीरा डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाला शेतकऱ्यांनी विरोध केला तो याच भीतीने. त्यामुळे सरसकट अस्तर करण्याऐवजी भराव, वालुकामय जमीन आणि पाणथळ होणाऱ्या जागा आधी घेणं शहाणपणाचं.

आधी गळती मोजा
आवर्तन नसताना चारीचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी बांध घालून भरावा, पातळीची खूण करावी आणि २४ तासांनी किती उतरली ते पाहावं. पाणी वापर संस्थेने शाखा अभियंत्यासमोर ही मोजणी करून नोंद ठेवली, तर अस्तराची मागणी करताना हातात आकडा राहतो.