बंदिवासाचे शहर : रत्नागिरीच्या पर्यटनाची ऐतिहासिक बाजू

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. तेव्हा विदर्भातून कोकणात जाणाऱ्या अभ्यास-सहलींना समुद्राचेच पहिले आकर्षण वाटावे, हे स्वाभाविक होय. तथापि रत्नागिरी हे केवळ किनाऱ्याचे शहर नाही. ब्रिटिश राजवटीने ते दूर ठेवावयाच्या माणसांसाठी निवडले होते.

या निवडीचे कारण भूगोलात आढळते. एका बाजूस सह्याद्री, दुसऱ्या बाजूस समुद्र, रेल्वे नाही, मुंबईशी दळणवळण आगबोटीचे आणि पावसाळ्यात तेही बंद. नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले येथे पदच्युत झालेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ मध्ये येथे आणला गेला. आज पर्यटक ज्या जांभ्या दगडाच्या राजवाड्यात फिरतात तो १९१० मध्ये पूर्ण झाला. म्हणजे राजाच्या वाट्याला तो अवघी सहा वर्षे आला. १९१६ मध्ये त्याचे येथेच निधन झाले. दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर रंगूनला मरण पावला आणि ब्रह्मदेशाचा राजा रत्नागिरीस, हा योगायोग नसून साम्राज्याची ठरलेली रीत होती. थिबा पॉइंटवरून सूर्यास्त पाहून परतणाऱ्यांपैकी फार थोडे शहरातच असलेल्या त्याच्या समाधीकडे वळतात, हे खेदजनक आहे.

पुढे १९२४ मध्ये वि. दा. सावरकर यांना याच जिल्ह्यात स्थानबद्ध करण्यात आले. राजकारणास बंदी असल्याने त्यांनी अस्पृश्यतानिवारणाचे कार्य हाती घेतले. भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने १९३१ मध्ये उभे राहिलेले, सर्व हिंदूंना खुले असलेले पतितपावन मंदिर त्याच काळातील होय. ही स्थानबद्धता १९३७ मध्ये संपली.

लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ मध्ये याच शहरातला. यवतमाळकरांस हे घर परके वाटू नये. वणीचे लोकनायक बापूजी अणे टिळकांचे अनुयायी; त्यांनी टिळकांवर संस्कृत महाकाव्य रचले आणि त्याला नाव दिले ‘श्रीतिलकयशोऽर्णव’. अर्णव म्हणजे समुद्र. या ग्रंथास १९७३ मध्ये मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

रत्नदुर्ग, गणपतीपुळे, पावस ही स्थळे सर्वपरिचित आहेत. गणपतीपुळ्यालगतचे मालगुंड मात्र बहुधा वगळले जाते. केशवसुतांचे हे जन्मगाव, तेथे त्यांचे स्मारकही आहे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण झाल्यापासून रत्नागिरीचे दूरपण ओसरले असून, सहलींना आता मालगुंडसाठी अर्धा दिवस सहज राखता येईल.