विमानतळाखालचा फलाट

मुंबईहून फ्रँकफुर्टमार्गे स्टुटगार्टला जाणाऱ्या प्रवाशाच्या विमान-तिकिटावर कधी कधी एक चमत्कारिक नोंद दिसते. पहिला टप्पा मुंबई ते फ्रँकफुर्ट. दुसऱ्या टप्प्यात स्टुटगार्टपुढे ‘झेडडब्ल्यूएस’ अशी तीन अक्षरं. विमानतळांना देतात तसलाच हा कोड, पण तो आहे स्टुटगार्टच्या मुख्य रेल्वे स्टेशनचा. हे दुसरं ‘उड्डाण’ रुळांवरून होतं. पुण्याच्या वाहन कारखान्यांतल्या मंडळींना स्टुटगार्टची वाट नवी नाही आणि त्यांना यात आता विशेष काही वाटतही नसेल. पण आगगाडीचा फलाट विमानाच्या तिकिटावर येऊन बसायला पाऊणशे वर्षं लागली, आणि मधल्या काळात बऱ्याच ठिकाणी हा बेत फसलाही.

सुरुवात शहरी गाड्यांपासून झाली. बर्लिनच्या टेंपलहोफ विमानतळाजवळ 1927 साली भुयारी रेल्वेचं स्टेशन झालं. शहरात राहणाऱ्या माणसाला विमानापर्यंत नेऊन सोडणं, एवढंच तिचं काम. लांब पल्ल्याच्या लोहमार्गाचा विचार पहिल्यांदा नीट झाला तो इंग्लंडात, गॅटविकला. लंडन ते ब्रायटन हा रेल्वेचा मुख्य मार्ग तिथून आधीच जात होता. विमानतळाचे मालक मॉरिस जॅकमन यांनी रेल्वे कंपनीला गळ घातली आणि 1935 साली तिथे स्टेशन उभं राहिलं. पुढच्या वर्षी ‘बीहाइव्ह’ नावाची गोल इमारत उघडली. उतारू गाडीतून उतरायचे, भुयारातून चालत या इमारतीत यायचे आणि तिथून थेट विमानाशी. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनपासून पॅरिसपर्यंतचं भाडं होतं 4 पौंड 5 शिलिंग, आणि त्यात रेल्वेचं पहिल्या वर्गाचं तिकीटही धरलेलं असे. एका तिकिटावर गाडी आणि विमान ही कल्पना इतकी जुनी आहे.

गॅटविकला ते जमलं, कारण विमानतळच मुख्य मार्गाला येऊन चिकटला होता. इतरांचं नशीब तसं नव्हतं. विमानतळ गावाबाहेरच्या माळावर आणि रूळ भलतीकडे. मग सोपा उपाय म्हणजे फाटा काढणं. ब्रुसेल्सने 1955 साली तसाच फाटा काढला. फाट्याची अडचण अशी की, तो शेवटी शहराच्याच स्टेशनात आणून सोडतो. ज्याला शहरात जायचंच नाही, त्याने काय करायचं? बॅगा घेऊन जिने चढायचे-उतरायचे, गर्दीत दुसरा फलाट शोधायचा आणि पुढची गाडी धरायची. ब्रुसेल्सलाही अखेर 2012 साली नवे बोगदे खणून विमानतळाची गाडी आरपार करावी लागली.

हा गुंता सोडवायला सत्तरच्या दशकात तीन देश सरसावले. फ्रँकफुर्टने 1972 साली टर्मिनलच्या पोटात तीन फलाटांचं स्टेशन बांधलं. हॉलंडमध्ये स्किपोलचं स्टेशन 1978 साली उघडलं, तेव्हा तिथून ॲमस्टरडॅमच्या दक्षिण कडेपर्यंतच जाता येत होतं. तीन वर्षांत तोच मार्ग लायडनला नेऊन जोडला आणि स्किपोल देशाच्या मुख्य रेल्वेजाळ्यात आलं. स्वित्झर्लंडने सगळ्यात धाडसी निर्णय घेतला. देशाच्या पूर्व-पश्चिम धावणाऱ्या इंटरसिटी गाड्याच त्यांनी 1980 पासून झुरिक विमानतळाखालून न्यायला सुरुवात केली. 1987 साली जिनिव्हा विमानतळाखालीही स्टेशन झालं. आज एकच गाडी जिनिव्हा विमानतळावरून निघते, लोझान आणि बर्न करत झुरिक विमानतळाखाली थांबते आणि पुढे सेंट गॅलनला जाते. त्या देशात विमानतळ हे वाटेवरचं एक स्टेशन झालं.

जर्मनीत याच सुमारास एक हौशी प्रयोग झाला. लुफ्तान्साला फ्रँकफुर्टहून कोलोन, ड्युसेलडॉर्फकडची तोकडी उड्डाणं परवडत नव्हती. 1982 साली कंपनीने रेल्वेच्या तीन निवडक गाड्या पिवळ्या-पांढऱ्या रंगात रंगवून घेतल्या आणि विमानाला द्यावेत तसे त्यांना उड्डाण क्रमांक दिले. आत विमानातलेच कर्मचारी, जेवणही जागेवर. ऱ्हाइन नदीच्या काठाने, द्राक्षांच्या उतारांखालून ही गाडी जाई. तिच्या चपट्या नाकामुळे लोक तिला ‘डोनाल्ड डक’ म्हणत. गाडीत बसायला विमानाचं तिकीट हवं, त्यामुळे उतारू मर्यादित. डबे जुने झाले आणि 1993 साली ही गाडी बंद पडली. पण विमान कंपनीच्या प्रवाशाला गाडीत बसवलं तर तो तक्रार करत नाही, हे सिद्ध झालं होतं. उणीव राहिली होती ती वेगाची.

ती फ्रान्सने भरून काढली. 1994 साली पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये टीजीव्ही या वेगवान गाडीचं स्टेशन उघडलं. लील ते लियों जाणारी गाडी पॅरिस शहरात न शिरता विमानतळाखालून जाऊ लागली. मग फ्रँकफुर्टने 1999 साली लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी वेगळं स्टेशन बांधलं आणि 2002 साली कोलोनपर्यंतचा नवा मार्ग सुरू झाला. या मार्गावर काही ठिकाणी 25 फुटांना 1 फूट इतका चढ आहे. आपल्या बोरघाटात तो 37 फुटांना 1 फूट, आणि तिथे मागे बँकर इंजिनं लावावी लागतात. जर्मन गाडीला मुंबईच्या लोकलसारख्या डब्यांखालीच मोटारी वाटून दिलेल्या आहेत, म्हणून ती हा चढ ताशी 300 किलोमीटरच्या वेगासाठी आखलेल्या मार्गावर विनातक्रार चढते. विमानतळावरून कोलोन तासाभरावर आलं. लुफ्तान्साने 2007 साली कोलोन ते फ्रँकफुर्ट ही विमानसेवाच बंद केली. त्या टप्प्यावर आगगाडीने विमानाला रीतसर हरवलं.

आज फ्रँकफुर्ट विमानतळाच्या स्टेशनात उतरणाऱ्याला फलाटांचे आकडे हा इतिहास सांगतात. 1 ते 3 हे फलाट 1972 सालचे, टर्मिनलखाली. तिथून शहराच्या आणि आसपासच्या गाड्या सुटतात. 4 ते 7 हे 1999 सालचे, रस्ता ओलांडणाऱ्या पादचारी पुलापलीकडे. लांबच्या गाड्या तिथून. रात्रभर जागून मुंबईहून आलेला माणूस घाईत पहिल्याच जिन्याने खाली उतरतो आणि लोकलच्या फलाटावर स्टुटगार्टच्या गाडीची वाट बघत बसतो. लांबच्या फलाटावर गाडीत कोणता डबा कुठे लागेल, ते फलाटावरच्या ए, बी, सी अशा अक्षरांनी सांगतात. आपला डबा ज्या अक्षरापाशी येणार, तिथे आधीच जाऊन उभं राहायचं. गाडी थोडाच वेळ थांबते आणि दोन मोठ्या बॅगा घेऊन डब्याडब्यांतून जाण्याचं काम कठीण.

जपानची कथा उलटी. नारिता विमानतळासाठी खास शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, आखली होती, टर्मिनलखाली स्टेशनाची जागाही बांधून ठेवली होती. विमानतळ 1978 साली सुरू झाला. पण जमिनीच्या वादात शिंकान्सेन अडकली आणि शेवटी रद्द झाली. ती तयार जागा 1991 पर्यंत रिकामी पडून होती. तोवर रेल्वेने येणारे उतारू विमानतळाच्या अलीकडे उतरून बसने टर्मिनल गाठत. नंतर त्याच जागेत साध्या रुळांवरच्या गाड्या आणल्या. आधी इमारत आणि मग मार्ग, असा क्रम लावला की हे असं होतं.

आपल्याकडे दिल्लीत 2011 साली विमानतळ मेट्रो आली. मुंबईत 2024 पासून मेट्रो 3 दोन्ही टर्मिनलांखालून धावते. दोन्ही सोयी उत्तम आहेत, पण त्या शहरापुरत्या. नाशिकला किंवा साताऱ्याला निघालेल्या माणसाला अजूनही दादर किंवा सीएसएमटी गाठून दुसरी गाडी धरावी लागते, नाहीतर रस्त्याने जावं लागतं. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन वांद्रे-कुर्ला संकुलातून सुटणार आहे. मुंबईचा विमानतळ तिथून हाकेच्या अंतरावर असूनही तिला तिथे थांबा नाही. नवी मुंबईचा नवा विमानतळ तर पनवेलच्या उंबरठ्यावर आहे आणि पनवेलहून कोकणाकडे आणि कर्जतमार्गे पुण्याकडे रूळ जातात. युरोपचा अनुभव असा की, फाटा नंतरही काढता येतो, मुख्य मार्ग मात्र आखतानाच वळवावा लागतो. तेव्हा यापुढे महाराष्ट्रात जो नवा लोहमार्ग आखला जाईल, त्याच्या नकाशावर विमानतळ कुठे आहे ते आधी शोधा आणि लांब पल्ल्याची गाडी तिथे थांबणार का, हा प्रश्न हरकती-सूचना मागवतात तेव्हाच लेखी विचारा.