बर्गीचे गाणे आणि इतिहासाचा तास

बंगालमध्ये बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबाला एक प्रसंग सहसा चुकत नाही. शेजारच्या आजीबाई नातवाला थोपटीत अंगाई गात असतात. चाल गोड, म्हणून आपण कान देतो, आणि अवचित ‘बर्गी’ हा शब्द ऐकू येतो. बर्गी म्हणजे आपलेच बारगीर, सरकारी घोड्यावर बसणारे मराठा स्वार! पुढे मुले शाळेत जाऊ लागली की प्रश्न घरात येतो: आपण लुटारू होतो काय?

यावर आपल्या लोकांचे एक ठरलेले उत्तर आहे. ‘ते नागपूरकर भोसल्यांचे लोक, पेशवे तर 1743 साली अलिवर्दीखानाच्याच साह्याला आले होते.’ हे खोटे नाही. आम्हीही ही सबब पुष्कळदा पुढे केली आहे. परंतु सबब म्हणजे इतिहास नव्हे, आणि मुलांना ते आपल्याआधी कळते.

आमच्या मते हा विषय कवितेवरूनच शिकवावा. अंगाईचेच पाहा. तीत निजलेले बाळ आहे, पाखरांनी फस्त केलेले पीक आहे आणि ‘खाजना’ भरण्याची चिंता आहे. खाजना म्हणजे जमिनीचा सारा, चौथ नव्हे. मग तो मागणारा कोण? बर्गी की जमीनदार? दहा वर्षांच्या मुलाला एवढे विचारावे आणि गप्प बसावे. कुळाला दोन्हीकडून कसे पिळले जात होते, हे ते आपणच शोधून काढते.

दुसरी कविता गंगाराम नावाच्या कवीची, ‘महाराष्ट्र पुराण’. मैमनसिंगकडे सापडलेल्या तिच्या पोथीवर शके 1672, म्हणजे इसवी सन 1750-51 चा काळ आहे. बंगालवरील स्वाऱ्या 1742 ते 1751 या काळातल्या. तेव्हा हा साक्षीदार घटनेच्या अगदी निकटचा. पळणाऱ्या लोकांचे त्याने केलेले वर्णन तर समाजशास्त्राचा धडाच होय. ब्राह्मण पोथ्या घेऊन निघतो, सोनार तराजू घेऊन, कोळी जाळी घेऊन. कोणत्या गावात कोण राहत होते आणि प्राणावर बेतल्यावर ज्याने त्याने काय उचलले, हे कोणत्याही दप्तरात इतके स्पष्ट मिळणार नाही. स्त्रियांवरील अत्याचारही त्याने लपविलेले नाहीत. ते वाचताना मराठी वाचकाची मान खाली जाते, आणि जावी. तथापि हाच कवी आरंभी सांगतो की पृथ्वीला पापाचा भार झाला म्हणून शिवाने नंदीला शाहूराजाकडे धाडले. म्हणजे बर्गी आले ते देवाच्या इच्छेने! पुढे त्यांचा अतिरेक झाल्यावर दैवी कृपा नबाबाकडे वळते, आणि मानकरा येथे भास्करपंतांच्या वधाशी काव्य थांबते. भास्करपंतांना 31 मार्च 1744 रोजी बोलणीसाठी छावणीत बोलावून मारले. आपण त्याला दगा म्हणतो, बंगाली विद्यार्थी सुटका म्हणतो. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत.

तिसरी रवींद्रनाथांची 1904 सालची ‘शिवाजी उत्सव’. तिच्यामागे देवघर भागात वाढलेले, बंगालीत लिहिणारे सखाराम गणेश देउस्कर होते, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. शिवाजीच्या तलवारीची चमक वंगाच्या आकाशात दिसली तेव्हा आम्ही भ्यालो, तिचा अर्थ जाणला नाही, असे कवी म्हणतो. उदात्त खरेच; पण शिवाजीमहाराज 1680 त निवर्तले आणि बर्गी 1742 त आले. मधली 62 वर्षे कवितेने पुसून टाकली. का पुसली? स्वदेशीच्या उंबरठ्यावरच्या बंगालला मराठ्यांशी नाते जोडावयाचे होते म्हणून. महाकवीची चूक काढण्याचा आनंद मुलांना जरूर घेऊ द्यावा. मात्र ती चूक कशासाठी झाली हेही त्यांनाच विचारावे.

धडा झाल्यावर रविवारी त्यांना बागबाजारात न्यावे. तेथे मराठा डिच लेन आहे. 1742 च्या धास्तीने कलकत्तेकरांनी स्वखर्चाने खंदक खणावयास घेतला. सात मैल ठरला, तीनएक मैल झाला, आणि मराठे काही आले नाहीत. आले ते 1756 त सिराजउद्दौल्याचे सैन्य. पुढे 1799 च्या सुमारास खंदकाचा बराच भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला.