पायाची विद्या

ठाणे सोडून भिवंडीच्या वाटेला लागलात, की खाडीवरचा पूल ओलांडताच कशेळी येते. आज भोवती गोदामे, पुढे भिवंडीचे यंत्रमाग. मागावरचा कामगार काय नि गोणी वाहणारा हमाल काय, दिवसभर उभा. त्याचा सारा संसार दोन पायांवर चालतो. अशा गावातल्या, बारावी शास्त्र झालेल्या मुलीने उद्या विचारले, "सर, मला पायांची डॉक्टर व्हायचंय, कुठली पदवी घेऊ?" तर आपण काय सांगाल? उत्तरासाठी थोडे मागे जाऊ या.

विलायतेत ही विद्या कुरूप कापणाऱ्यांच्या हातून वर आली. 1785 साली डेव्हिड लो याने या धंद्याला 'किरोपोडिस्ट' हे भारदस्त नाव दिले. 1895 मध्ये न्यूयॉर्कला या लोकांची संघटना झाली, 1911 मध्ये शाळा निघाली. आज इंग्लंडात तिची साधारण तीन वर्षांची पदवी आहे. अमेरिकेत तर आधीच्या शिक्षणावर आणखी चार वर्षे. न्हाव्याच्या पेटीतून निघालेली विद्या शेवटी विद्यापीठात जाऊन बसली म्हणा ना!

आपल्याकडे मात्र ती दोन दुःखांतून आली: युद्ध आणि कुष्ठरोग. दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेल्या जवानांसाठी 1944 साली पुण्याला कृत्रिम अवयव केंद्र निघाले. कुष्ठरोग्यांसाठी मुंबईत 1890 मध्येच आश्रयस्थान उभे राहिले होते. ते उभारणारे म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ म्हणजेच शाळिग्रामांच्या सोबतीने मराठी पोवाडे गोळा करणारे ॲक्वर्थ, बरे का! पण तिथे आसरा होता. पाय वाचवण्याची विद्या अजून यायची होती.

ती आली वेल्लोरला. 1946 साली तिथे आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी बारकाईने पाहिले, तेव्हा ध्यानात आले की रोग्याचे मांस आपोआप सडत नाही. पायाची संवेदना जाते, खडा टोचलेला कळत नाही, माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. म्हणजे वेदना हा शत्रू नसून पहारेकरी आहे. मग शस्त्रक्रियेइतकीच मऊ रबराच्या चपलेला किंमत आली. जो चर्मकार समाजाने दूर ठेवला, त्याचे कसब आता शल्यवैद्याला हवे झाले. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनीही कुष्ठरोग्यांचे हातपाय सुधारण्यासाठी शस्त्रक्रिया केल्या. 1966 साली ब्रँड अमेरिकेला गेले नि हेच ज्ञान तिकडे मधुमेह्यांच्या पायांना उपयोगी पडले.

कारण मधुमेहही तेच करतो. पाय बधिर होतो, रक्तपुरवठा मंदावतो, छोटीशी फोडी महिनोन्‌महिने भरत नाही, आणि शेवटी पाय कापावा लागतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे. कशेळीच्या हमालाचा पाय गेला, की घराची चूल विझते. हे संकट रोज रात्री पाय धुऊन, निरखून, योग्य पादत्राण घालून पुष्कळदा टळते. पण हे सांगणार कोण?

आता त्या मुलीचे उत्तर. आपल्या विद्यापीठांत या नावाची स्वतंत्र पदवी अजून रुळलेली नाही. मात्र 2021 च्या आरोग्यव्यवसायांच्या केंद्रीय कायद्याने पादचिकित्सकाला यादीत जागा दिली आहे. आणि जवळची वाट तर घरापासून फार दूर नाही. मुंबईला हाजी अलीजवळ 1955 साली स्थापन झालेली भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. तिथे कृत्रिम अवयव व आधारसाधने यांची पदवी घेता येते. दुसरी वाट फिजिओथेरपीची. एम.बी.बी.एस. होऊन शल्यशास्त्राकडे वळणे ही तिसरी, लांबची.

घरचे कदाचित नाक मुरडतील: "एवढं शिकून लोकांचे पाय धरायचे?" त्यांना एवढेच सांगा: देवाच्या, वडीलधाऱ्यांच्या पायांवर डोके ठेवणाऱ्या आपल्या समाजाने थकल्याभागल्या पायांना हात लावणे कमीपणाचे का मानावे? विलायतेत या विद्येला विद्यापीठात पोचायला शंभराहून अधिक वर्षे लागली. आपल्याला तेवढी वाट पाहणे परवडणार नाही.