पोचा काढण्याच्या दोन रीती

स्नूकरच्या क्यूला पडलेला पोचा डोळ्यांच्या आधी बोटांना कळतो. नेम धरताना ही काठी डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांमधल्या खाचेतून मागेपुढे सरकत असते. केसाएवढा खळगाही तेथे दर फटक्याला जाणवतो. असे पोचे बहुधा निष्काळजीपणातून पडतात. काठी टेबलाच्या लाकडी कडेवर आपटते, नाहीतर भिंतीला टेकवून ठेवलेली घसरून फरशीवर पडते. मग घरच्या घरी दुरुस्तीचा विचार सुरू होतो आणि हाताशी पहिल्याने येतो तो पॉलिश पेपर. या किरकोळ प्रश्नात इतिहासलेखनाचाही एक प्रश्न दडलेला आहे, असे मला वाटते.

आधी या काठीविषयी. 'क्यू' हा शब्द फ्रेंचमधून आला. मूळ अर्थ 'शेपूट'. सतराव्या शतकात बिलियर्ड्सचा चेंडू रुंद डोक्याच्या 'मेस' नावाच्या दांडक्याने ढकलत. चेंडू टेबलाच्या कडेला चिकटला की ते डोके तेथे मावत नसे. मग दांडके उलटे धरून त्याच्या बारीक शेपटाने चेंडू मारावयाचा. अडचणीपुरते वापरलेले शेपूट पुढे मुख्य हत्यार झाले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्स्वा मँगो या फ्रेंच खेळाडूने त्याच्या टोकाला चामड्याची टिकली बसवण्याची पद्धत रूढ केली आणि चेंडूला हवी तशी फिरकी देणे शक्य झाले. आजची चांगली क्यू अ‍ॅश किंवा मेपल या झाडाच्या लाकडाची असते, मूठ बहुधा आबनुसाची. मुठीकडून टोकाकडे ती निमुळती होत जाते आणि टोकाशी तिची जाडी जेमतेम नऊ-दहा मिलिमीटर उरते. या निमुळतेपणात तिचा सगळा तोल असतो.

आता पोचा म्हणजे नेमके काय? पोचा पडतो तेव्हा लाकूड नाहीसे होत नाही, ते दबते. लाकडाचे तंतू म्हणजे सूक्ष्म पोकळ नळ्या. आघाताने त्या चेपल्या जातात, पण बहुधा तुटत नाहीत. पॉलिश पेपर घासणारा मनुष्य हे विसरतो. खळगा दिसेनासा व्हावा म्हणून तो भोवतालचे निरोगी लाकूड खळग्याच्या पातळीपर्यंत खाली आणतो. पृष्ठभाग गुळगुळीत होतो खरा. परंतु काठी तेवढी बारीक होते आणि गेलेले लाकूड परत येत नाही.

दुसरी रीत वाफेची. पोचा पुसून स्वच्छ करावा. वर लाखेचा वा वार्निशचा थर असेल तर तेवढ्याच जागी तो हलकेच काढावा, एरवी पाणी आत शिरत नाही. पाण्याचा एक थेंब खळग्यात काही मिनिटे मुरू द्यावा. मग ओलसर सुती फडके ठेवून गरम इस्त्रीचे टोक क्षणदोन क्षण टेकवावे, उचलावे, पाहावे. गरज पडल्यास पुन्हा टेकवावे. उष्णतेने लाकूड मऊ होते, पाण्याने चेपलेल्या नळ्या फुगतात आणि खळगा हळूहळू वर येतो. घाई मात्र करू नये. वाफ अधिक झाली तर काठी वाकते; टोकाची पितळी कडी आणि मुठीचा जोड यांच्याजवळ गेली तर सरस सुटतो. काठी दिवसभर सुकू द्यावी, उभे राहिलेले बारीक तंतू अतिशय मऊ पेपरने रेषांच्या दिशेने निपटावेत आणि जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. तेलाचे फडके चुरगळून टाकू नये, पसरून वाळवावे. ते आपोआप पेट घेऊ शकते.

स्नूकरचा स्वतःचा इतिहासही असाच एकदा चेपला गेला होता. खेळ लोकप्रिय झाला तोवर त्याचे जन्मस्थान धूसर झाले होते. इंग्लंडातील वुलविचच्या लष्करी अकादमीत तो जन्मला, अशी एक समजूत होती. १९३८ च्या मार्चमध्ये सर नेव्हिल चेंबरलेन या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने (त्याच नावाच्या पंतप्रधानाशी गल्लत करू नये) 'द फील्ड' या नियतकालिकाला पत्र लिहिले. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत, डेव्हनशर रेजिमेंटच्या मेसमध्ये, आपण हा खेळ रचला. वुलविचच्या नवख्या छात्रांना 'स्नूकर' म्हणत, त्यावरून सहज थट्टेत नाव पडले, असा त्याचा दावा होता. पुढे उटकमंडच्या क्लबात नियम लिहून टांगले गेले. १८८५ साली कूचबिहारच्या महाराजांच्या मेजवानीत बिलियर्ड्सपटू जॉन रॉबर्ट्स यांची भेट झाली आणि त्यांनी खेळ इंग्लंडात नेला. पुढल्याच वर्षी कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेंझी यांनी या हकिकतीला लेखातून दुजोरा दिला आणि ती रूढ झाली.

हा पोचा वाफेने निघाला, असे म्हणता येईल. बाहेरून काही भरावे लागले नाही. साक्षीदाराच्या स्मृतीत दबलेले वर आले. मात्र ही स्मृती त्रेसष्ट वर्षांची आणि सांगणाऱ्याचे वय ब्याऐंशी, हेही विसरू नये. वाफेने उठलेले लाकूड पुरते सुकेपर्यंत त्यावर भिस्त ठेवू नये, हा नियम येथेही लागू आहे.

परंतु त्या जबलपूरच्या खोलीत आणखीही माणसे असणार. वसाहतकाळातल्या क्लबांत बिलियर्ड्सच्या टेबलापाशी 'मार्कर' असे: गुण मोजणारा, टेबल झाडणारा, काठ्यांची निगा राखणारा, बहुधा एतद्देशीय. या कथेत महाराज आहेत, मार्कर नाही. भारतीय खेळाडूचे नाव जागतिक विजेत्यांच्या यादीत ठसठशीतपणे आले ते १९५८ साली, पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे विजेतेपद मिळवले तेव्हा. त्याआधीच्या किती हातांनी या काठ्या पुसल्या, तेल दिले, त्यांचे पोचे काढले, याची नोंद नाही.

येथे वाफ चालत नाही. तंतू दबलेला असेल तर उठतो. तुटलेला उठत नाही. स्टीफन हेंड्री यांनी ज्या क्यूने सातही जागतिक विजेतेपदे जिंकली, ती २००३ साली विमानप्रवासात मोडली. तिला कोणतीही इस्त्री पुरी पडणारी नव्हती. तुटलेल्या जागी कारागीर लांबी भरतो, आणि ती कितीही बेमालूम रंगवली तरी लाकूड नसते. मार्करचे काल्पनिक नाव, त्याच्या तोंडी काल्पनिक संवाद ही अशीच लांबी होय. कादंबरीत ती शोभेल. इतिहासात भरायचीच झाली तर तिचा रंग वेगळा ठेवावा.

त्याहून वाईट पॉलिश पेपर. मार्करची जागा रिकामी दिसू नये म्हणून सगळी हकिकतच मेसमधल्या चार अधिकाऱ्यांपुरती घासून गुळगुळीत करणे, हे आपल्याकडच्या संस्थांच्या, नाटक मंडळ्यांच्या, नियतकालिकांच्या इतिहासांतही सर्रास घडते. संस्थापक उरतात, खिळे जुळवणारे जातात. वाचताना बोट कोठेही अडखळत नाही, आणि त्यामुळे काठी किती बारीक झाली हे लक्षात येत नाही. अशा वेळी पोचा तसाच ठेवणे बरे. निदान येथे काही दबले वा तुटले आहे, एवढे तरी पुढच्या हाताला कळेल.