आराखड्याआधी खड्डा

पिकते ती काळी, वसते ती पांढरी. आपल्या गावगाड्याने मातीची ही वाटणी फार पूर्वीच करून ठेवली आहे. गावठाणालाच 'पांढरी' म्हणणाऱ्या भाषेत मातीच्या घरबांधणीची ओळख करून द्यायला लांब जावे लागत नाही. मराठवाड्यातले मातीच्या छपराचे माळवद, खानदेश-विदर्भातले धाबे आणि पावसागणिक झिजणाऱ्या गढ्या हेच पहिले धडे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून जुन्या गवंड्यांनी ती पिकांसाठी सोडली.

या कामात नव्याने येणाऱ्याने आराखड्याआधी खड्डा खणावा. वरचा कुजकट थर बागेसाठी बाजूला काढावा, त्याखालची माती बरणीत पाणी घालून हलवावी. वाळू लगेच तळाशी बसते, गाळाला वेळ लागतो, चिकणमातीला सर्वांत जास्त. दाबून केलेल्या विटेला चिकणमाती थोडी आणि वाळू भरपूर लागते. ऑरोव्हिल वसाहतीत 1989पासून साधारण पाच टक्के सिमेंट मिसळून अशा विटा पाडल्या जातात. त्यांना भट्टी लागत नाही. मात्र महिनाभर ओल धरून ठेवावी लागते, आणि घाई तिथेच नडते. माती फार चिकट असेल तर सिमेंटपेक्षा चुना बरा. उरलेल्या खड्ड्यात पावसाचे पाणी साठवता येते, तेव्हा त्याची जागाही आधीच ठरवावी.

एका प्रसंगाला मातीचे चाहते वळसा घालतात, हे मला खटकते. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात हजारो माणसे घरांखाली गाडली गेली, आणि दोष मातीच्या नावावर पडला. भिंती खरे तर गोट्यांच्या होत्या. आतबाहेरच्या दोन थरांना सांधणारे आरपार दगड नव्हते, आणि गळती थांबवायला वर्षानुवर्षे टाकलेल्या मातीने माळवद जडशीळ झाले होते. चूक रचनेची होती. पण जिने घरातली माणसे गमावली तिला हा फरक ऐकवण्याआधी आपण तो नीट शिकावा. 2001च्या भूकंपात कच्छमधले नीट बांधलेले भुंगे तगले: भिंती मातीच्याच, पण घर गोल आणि छप्पर गवताचे, हलके.

या पुस्तकाचे पहिले प्रकरण उघडण्याआधी अंगणातली मूठभर माती बरणीत घालून ठेवा. सकाळपर्यंत थर दिसू लागतील; तिथून पुढे बोलू.